शनवार तेल्यांची मायबोली

अलिबागेत इस्राएल आळी नावाची एक आळी आहे. कुलाबा किल्ला पाहायला आलेले हौशी प्रवासी सहसा तिकडे फिरकत नाहीत. मी गेलो तो एका रिकाम्या दुपारी, केवळ नावाच्या कुतूहलाने. आळीत ‘मागेन आबोथ’ हे यहुद्यांचे प्रार्थनामंदिर आहे. पुढे नवगावास समुद्राजवळ त्यांचे जुने कबरस्तानही पाहिले. कोकणातल्या अशा कबरस्तानांतून एकाच दगडावर दोन लिप्या दिसतात: वर उजवीकडून डावीकडे जाणारी हिब्रू आणि खाली आपली ओळखीची बाळबोध. पेणकर, किहीमकर, राजपूरकर, दिवेकर अशी आडनावे वाचताना आपण परक्या माणसांच्या कबरींपाशी उभे आहोत असे मनात येत नाही.

त्या दगडांपाशी मला आपल्याकडचा एक नेहमीचा वाद आठवला. परमुलखात गेलेल्याने तिथली भाषा शिकावी, की तिथल्या लोकांनी पाहुण्याला सांभाळून घ्यावे? मुंबईत हा प्रश्न निघाला की आपण यजमान असतो आणि आपले उत्तर ठरलेले असते. मुलगा परदेशी स्थायिक झाला आणि नातवंडाला ‘आजी’ म्हणता येईना, की आपण पाहुण्याच्या बाजूला जातो आणि उत्तरही बदलते. बेने इस्राएलांची हकीकत मला मोलाची वाटते ती यासाठी, की या एकाच समाजाने हा प्रश्न दोनदा सोडवला. एकदा कोकणात, एकदा इस्राएलात.

त्यांची परंपरा सांगते, की फार प्राचीन काळी एक गलबत नवगावाजवळ फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली. या कथेला कागदोपत्री पुरावा नाही. पण समाज आपले मूळ कसे सांगतो, यालाही इतिहासात किंमत असतेच. किनाऱ्यावरच्या गावांतून या लोकांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी मात्र घाणा बंद. शब्बाथ पाळायचा हे ते विसरले नव्हते. गावाने त्यांना नाव दिले ‘शनवार तेली’. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली, तसे हे शनवार तेली! शनिवार का पाळता, असे विचारून कोणी त्यांचा घाणा चालू करायला लावला नाही. गावाने त्यांच्या चालीला आपल्या भाषेत एक शब्द करून दिला. पाहुण्याला सांभाळून घेणे म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

त्यांनीही मराठी घेतली ती वरवर नाही. त्यांच्या जुन्या सणांची नावेच पाहा. वर्षारंभाचा तो नव्याचा सण. एक खिरीचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा दिवस तो दारफाळणीचा सण. पुरीम तो होळीचा सण. जेरुसलेमचे मंदिर पडले त्याचा शोक म्हणजे बिरड्याचा रोजा. या एका नावात घर पाहा किती जणांचे आहे: शोक यहुद्यांचा, रोजा शेजारच्या मुसलमानांचा आणि बिरडे अस्सल कोकणी! ही नावे कोणी सभा भरवून ठरवली नाहीत. ती स्वयंपाकघरात, शेजारणींच्या बोलण्यात पिढ्यानपिढ्या घडत गेली.

पण या गोड कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मराठी अंगी मुरता मुरता हिब्रू सुटली. अठराव्या शतकापर्यंत ‘शेमा’ ही मुख्य प्रार्थना आणि थोडेफार विधी एवढेच त्यांच्यापाशी उरले होते. मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते १७९६ साली. पुढे कोचीनच्या यहुद्यांनी येऊन त्यांना धर्म शिकवला. आणि १८३२ साली मुंबईत एक पुस्तक निघाले: हिब्रू भाषेचे व्याकरण, मराठीत. लिहिणारे होते स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे लपवण्याचे कारण नाही. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले आणि धर्म आपलाच ठेवला. मग १८४६ साली मुंबईत वल्हांडणाच्या रात्री वाचायचा ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह शिळाप्रेसवर छापला गेला. १८७४ साली पुण्यात तो सचित्र निघाला आणि त्यातल्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका चक्क लुगडी नेसलेल्या आहेत. जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी तर प्रार्थनेची पुस्तके एकामागून एक मराठीत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्राहाम-योसेफांच्या कथांवर मराठी कीर्तनेही होऊ लागली.

म्हणजे गंमत पाहा: जी भाषा घेताना हिब्रू हरवली, तिच्याच आधाराने ती परत सापडली. मराठी नसती तर तो मार्ग त्यांना इतका सोपा झाला नसता.

१९४८ साली इस्राएल राष्ट्र झाले. तेव्हा भारतात बेने इस्राएल सुमारे वीस हजार असतील. पुढच्या दोन-तीन दशकांत त्यांतले बहुतेक तिकडे गेले. बीरशेबा, दिमोना, लोद, अश्दोद अशा गावांत कोकणातली कुटुंबे राहू लागली. तिथला यजमान निराळ्या स्वभावाचा होता. बेन येहुदा १८८१ साली जेरुसलेमला येऊन राहिले आणि त्यांनी पोथीतल्या हिब्रूला घरात बोलायला लावण्याचा ध्यास घेतला. १९२३ साली तेल अवीवमध्ये भाषारक्षणासाठी तरुणांचे पथकच निघाले. रस्त्यात कोणी यिदिश बोलले तरी ते टोकत. १९४९ साली जेरुसलेमात नव्या लोकांसाठी ‘उल्पान’ हा हिब्रूचा वर्ग सुरू झाला आणि त्या धर्तीवर देशभर वर्ग निघाले. तिथे हिब्रू शिकवायची ती हिब्रूतूनच.

या कडकपणाला मी सरसकट नावे ठेवणार नाही. पोलंड, येमेन, इराक, मोरोक्को अशा नाना देशांतून माणसे आली होती. कोणाची बोली कोणाला कळत नव्हती. एक भाषा नसती तर राष्ट्र उभे राहणे कठीण होते. शिवाय तिथे यजमानही कालपरवाचे पाहुणेच होते. आपली यिदिश वा अरबी त्यांनीही बाजूला ठेवली होती. मुले भराभर शिकली. खरा जाच झाला तो आईबापांना आणि त्यांच्याही आईबापांना. घरची कर्ती माणसे दुकानात, कचेरीत मुलांच्या तोंडाकडे पाहू लागली. कोकणात जो बदल व्हायला शतके लागली, तो इथे दहा वर्षांत व्हावा अशी अपेक्षा होती.

आणि भाषा शिकली की माणूस आपला झाला, असेही झाले नाही. १९५१-५२ साली भेदभावाच्या तक्रारीवरून काही बेने इस्राएलांनी धरणे धरले आणि काही कुटुंबे भारतात परत आली. पुढे त्यांतली बरीच पुन्हा तिकडे गेली. १९६२ साली मुख्य रब्बींच्या आदेशाने त्यांच्या लग्नाच्या वेळी कुळाची चौकशी होऊ लागली. दोन वर्षे समाज झगडला, तेव्हा १९६४ साली तो आदेश सैल झाला. हिब्रू सफाईने बोलणाऱ्या तरुणालाही ‘तुझी पणजी कोण?’ हा प्रश्न चुकला नव्हता. ‘आमची भाषा शिका, म्हणजे झाले’ असे यजमान म्हणतो, तेव्हा ते वचन त्याला पाळायचेही असते. हे आपण मराठी माणसांनीही ध्यानात ठेवावे.

मला विचाराल तर पाहुण्याने भाषा शिकलीच पाहिजे. तेल विकायचे तर गिऱ्हाइकाच्या भाषेत विकावे लागते. न शिकणारा स्वतःलाच कोंडून घेतो आणि यजमानाला तुच्छही लेखतो. पण शिकण्याची शिडी यजमानाने लावायची असते. परप्रांतीयाला मराठी येत नाही म्हणून चिडणाऱ्यांपैकी किती जणांनी त्याच्या भाषेतून मराठी शिकवणारे एखादे लहानसे पुस्तक त्याच्या हाती ठेवले आहे? विल्सनने ते १८३२ साली केले होते, तेही स्वतः परका असून. आणि दुसरी गोष्ट, उंबऱ्याच्या आतली भाषा मागू नये. ती ज्याची त्याने ठरवावी.

इस्राएलात आजही मंगलप्रसंगी पोहे, नारळ, गूळ घालून मलिदा होतो आणि एलियाहू नबीची आठवण केली जाते. तिथे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही निघाले. नातवंडांना ते वाचता येत नसेल. पण मलिद्याला ती मलिदाच म्हणतात. तिथल्या कोणी तो शब्द बदलायला लावला नाही, हे मला बरे वाटते. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शेजाऱ्याला आमच्या गावांनी एकदा असाच शब्द दिला होता.