पेट्रोल पंपाखालची टाकी गळली तर काय होतं?

पेट्रोल पंपावर आपल्याला दिसतं ते नोझल आणि मीटर. खरा साठा असतो जमिनीत पुरलेल्या टाक्यांमध्ये. स्टीलची टाकी ओल्या मातीत वर्षानुवर्षं राहिली की गंजते, आणि भोक सुईएवढं असेल तर गळती अनेक महिने कळतही नाही.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं. ते झिरपत जाऊन भूजलावर तरंगतं, पण त्यातलं बेन्झीन पाण्यात विरघळतं. बेन्झीनमुळे कॅन्सर होऊ शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरमागे १० मायक्रोग्रॅम. आपल्या बीएस-६ पेट्रोलमध्ये बेन्झीन १ टक्क्यापर्यंत चालतं. म्हणजे १ लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन जवळपास पावणेनऊ लाख लिटर पाणी या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं!

कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराने हा फटका खाल्लाय. १९९६ मध्ये तिथल्या विहिरी एमटीबीई या पेट्रोलमधल्या रसायनामुळे बंद कराव्या लागल्या. शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला, बाहेरून पाणी विकत घ्यावं लागलं. विशेष म्हणजे एमटीबीई पेट्रोलमध्ये घालत होते ते हवा स्वच्छ राहावी म्हणून.

गळती टाळायला दुहेरी भिंतीची टाकी आणि दोन भिंतींमध्ये सेन्सर हा चांगला उपाय. पण सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे रोजचा हिशोब: डिप रॉडने मोजलेला साठा आणि झालेली विक्री जुळते का? रोज थोडी तूट येत असेल तर ‘उडून गेलं असेल’ म्हणून सोडून देणं महागात पडतं. भारतात २०२० पासून नवा पंप शाळा, रुग्णालय आणि वस्तीपासून साधारण ५० मीटर लांब असावा, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगतं.

गळती झालीच, तर आधी टाकी रिकामी करतात, दूषित माती काढतात, भूजलावर तरंगणारं पेट्रोल पंपाने उपसतात. मातीतली वाफ व्हॅक्यूमने ओढून घेतात. उरलेलं बरंचसं मातीतले जिवाणू खातात, पण त्यांना वर्षं लागतात.

बोअरच्या पाण्याला पेट्रोलचा वास आला तर ते पिऊ नका आणि उकळूही नका, कारण उकळताना बेन्झीन घरातल्या हवेत पसरतं. तळघरात वास आला तर दिव्याचं बटण दाबू नका. सगळे बाहेर पडा आणि मग अग्निशमन दलाला १०१ वर फोन करा.