तुटीचा वांटा कोणाच्या पदरीं?

हजेरीपटावर ज्यांचीं नांवें चढलीं त्यांच्या इतिहासास आपण शिक्षणाचा इतिहास म्हणतों. अध्यापनांत आमचीं पंचवीस-तीस वर्षें गेलीं. पण ज्यांचें नांव पटावर कधीं चढलेंच नाहीं त्या मुलांचें काय झालें, हा प्रश्न आमच्या मनांत फार उशिरां आला. ज्यांचें शरीर, इंद्रियें किंवा बुद्धि चारचौघांसारखी चालत नाहीं, अशा मुलांस सार्वजनिक शाळेचें दार कसें उघडलें, आणि उघडल्यावरही तें पुरतें कां उघडेना, याचा अमेरिकेंतील इतिहास मोठा बोधप्रद आहे. तोच आज थोडक्यांत वाचकांपुढें मांडतों.

अशा मुलांस शिकवितां येतें हें त्या देशास फार पूर्वींच ठाऊक झालें होतें. 1817 सालीं हार्टफर्ड येथें गॅलॉडेट व क्लेर्क यांनीं बधिर मुलांची शाळा काढली; यांपैकीं क्लेर्क स्वतःच बधिर होता. 1832 सालीं बॉस्टन येथें डॉ. हाऊ यांनीं अंध मुलांस शिकविण्यास आरंभ केला. परंतु अशा शाळा थोड्या व दूरदूरच्या असत. गांवच्या शाळेचा मार्ग निराळाच होता. 1852 सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें सक्तीच्या शिक्षणाचा कायदा केला, आणि 1918 पर्यंत तो त्या वेळच्या सर्व संस्थानांत पसरला. सक्ती मात्र मुलावर होती, शाळेवर नव्हती. 1893 सालीं त्याच मॅसॅच्युसेट्सच्या वरिष्ठ न्यायालयानें, एका मंदमति मुलास शाळेंतून काढणाऱ्या शहराच्या शाळामंडळाची बाजू उचलून धरली. 1919 सालचा विस्कॉन्सिन येथील निकाल तर याहून मर्मभेदक आहे. तेथील मुलगा जन्मापासून अर्धांगानें पीडित होता. पण अभ्यासांत तो वर्गाच्या मागें नव्हता. त्याचें तोंड वांकडें होतें, लाळ गळते, आणि हें पाहून शिक्षकांस व इतर मुलांस किळस येतो, एवढ्या कारणावरून त्यास शाळा बंद झाली, व न्यायालयानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. म्हणजे उणीव पाहाणाराच्या दृष्टींत, आणि शिक्षा मात्र त्या मुलास!

पुढें 1954 सालीं वर्णभेदाच्या प्रसिद्ध खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, सरकारनें एकदां शिक्षणाची सोय केली म्हणजे ती सर्वांस सारख्या अटींवर मिळाली पाहिजे. तो निकाल काळ्या मुलांसाठीं होता. पण त्यांतलें तत्त्व अपंग मुलांच्या आईबापांनीं हेरलें. पेन्सिल्व्हेनियांत त्यांच्या संघानें 1971 सालीं दावा लावून मंदमति मुलांस शाळेचा हक्क मिळविला. 1972 सालचा राजधानी वॉशिंग्टन येथील निकाल आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सात मुलांच्या वतीनें तो खटला चालला, आणि शाळामंडळाचें उत्तर एकच होतें: पैसा नाहीं. न्यायाधीशांनीं सांगितलें, पैसा अपुरा असेल तर जो आहे तोच असा वांटा कीं एकही मूल सर्वस्वीं वंचित राहूं नये. तुटीचा भार अपंग मुलांवर इतरांहून अधिक पडतां कामा नये.

1975 सालीं काँग्रेसनें कायदा केला, तेव्हां तिच्यासमोर आंकडे होते ते असे: अपंग मुलें 80 लक्षांहून अधिक, त्यांतील निम्म्यांहून अधिकांस योग्य शिक्षण नाहीं, आणि 10 लक्ष मुलें शाळेबाहेरच. कायद्यानें प्रत्येक मुलास विनामूल्य व योग्य शिक्षणाचा हक्क दिला, त्याच्यापुरता लेखी आराखडा आईबापांसह बसून करावा असें ठरविलें, व शक्य तोंवर त्यास इतर मुलांतच शिकवावें असा दंडक घातला. एका मुलामागें देशांत सरासरीनें जो खर्च येतो त्याच्या 40 टक्क्यांपर्यंत रक्कम मध्यवर्ती सरकारनें अशा प्रत्येक मुलामागें द्यावी, असेंही त्यांत होतें. अध्यक्ष फोर्ड यांनीं सही करतांनाच बजाविलें कीं, सरकारास झेपेल त्याहून अधिक वचन यांत दिलें आहे. तें भाकीत खरें ठरलें. 2009 सालच्या मंदींत दिलेलें एकवारचें जादा अनुदान सोडलें तर ती रक्कम 20 टक्क्यांसही कधीं पोचली नाहीं.

उरलेला भार गांवोगांवच्या शाळामंडळांवर पडला. त्यांसही एकदम दोष देणें न्यायाचें होणार नाहीं. एखाद्या मुलास दिवसभर स्वतंत्र सेवक लागतो, वाचा शिकविणारा लागतो. असे शिक्षक मिळत नाहींत, आणि मिळाले तरी टिकत नाहींत. परंतु तूट उघडपणें मान्य न करितां ती लपविली म्हणजे काय होतें तें टेक्सासमध्यें दिसलें. तेथील शिक्षणखात्यानें 2004 सालीं, अशा शिक्षणांत साडेआठ टक्क्यांहून अधिक मुलें नसावींत, असें प्रमाण घालून दिलें. देशाची सरासरी 13 टक्क्यांच्या आसपास असतां टेक्सासचा आंकडा त्या प्रमाणापर्यंत उतरला. मुलें बरीं झालीं नव्हतीं. तीं मोजावयाचीं राहिलीं होतीं. 2016 सालीं ह्यूस्टनच्या एका वृत्तपत्रानें ही गोष्ट चव्हाट्यावर आणली, व 2018 सालीं मध्यवर्ती खात्यानें कायद्याचा भंग झाल्याचा निर्णय दिला. वॉशिंग्टनच्या न्यायाधीशानें पुढच्या दारानें घालविलेली सबब मागच्या दारानें पुन्हा आंत आली होती.

मग कायदा व्यर्थ गेला काय? आमचें तसें मत नाहीं. आज तेथें 70 लक्षांहून अधिक मुलें या कायद्याखालीं शिकत आहेत. 1982 सालीं एका बधिर मुलीच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें कांहींसा लाभ झाला म्हणजे पुरे असें धरिलें होतें. 2017 सालीं त्याच न्यायालयानें एकमतानें सांगितलें कीं, मुलाच्या परिस्थितीस शोभेल इतकी प्रगति झालीच पाहिजे. हक्क लेखीं असला म्हणजे आईबापांस निदान भांडावयास जागा मिळते.

ही कथा आपणांस परकी वाटूं नये. नामदार गोखले यांनीं 1911 सालीं सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचें बिल मांडलें, व 1912 सालीं तें फेटाळलें गेलें, तेव्हां खर्च कोठून आणावा हा आक्षेप पुढें होताच. आपल्याही देशांत 2016 च्या कायद्यानें 6 ते 18 वर्षांच्या, ठराविक प्रमाणावर अपंगत्व असलेल्या मुलांस विनामूल्य शिक्षणाचा हक्क दिला आहे. त्याची परीक्षा कलमांच्या शब्दांत व्हावयाची नाहीं. अंदाजपत्रकांत तूट आली म्हणजे पहिली कात्री कोणावर चालते, तें आपण पाहिलें पाहिजे. घरांत धान्य कमी पडलें तर शहाणी गृहिणी दुबळ्या मुलाचें ताट आधीं वाढते. समाजानें एवढें शहाणपण घेतलें तरी पुष्कळ झालें.