हेड उतरवायचं की नाही?

कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली प्रीमिअर पद्मिनी बिघडायची, पण बहुतेक वेळा आधी कुरकुर करून. तिच्या इंजिनात क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्टला एका तालात बांधून ठेवणारी लोखंडी चेन असे. चेन ढिली पडली की सकाळी गाडी सुरू करताना बॉनेटखालून खडखड ऐकू येई. टॅक्सीवाला काही दिवस तो आवाज तसाच घेऊन फिरे आणि सवड मिळाली की गाडी मिस्त्रीकडे लावी. अँबॅसिडरचंही तेच. या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्र्यांचं निम्मं निदान कानानेच होत असे.

टायमिंग बेल्ट आला आणि कानाचं हे राज्य खालसा झालं. रबरी बेल्ट बहुधा काही न बोलता तुटतो. चालती गाडी एकदम बंद पडते, टोइंग करून गॅरेजला येते, आणि मालक व मेकॅनिक दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो: नवा बेल्ट चढवून बघायचं, हेड म्हणजे इंजिनाचा वरचा भाग उतरवायचं, की इंजिनच बदलायचं? या प्रश्नाचं निम्मं उत्तर गाडी गॅरेजला येण्याच्या कितीतरी आधी, इंजिनाच्या नकाशावर ठरून गेलेलं असतं. ते कसं, हे पाहायचं तर शिलाई मशीनपर्यंत मागे जावं लागतं.

शिलाई मशीनमध्ये वरची सुई आणि खालचा बॉबिनचा आकडा यांची वेळ चुकून चालत नाही. साधा पट्टा घसरतो, दातेरी पट्टा घसरत नाही. १९४० च्या दशकात अमेरिकेत युनायटेड स्टेट्स रबर कंपनीने असा आतल्या बाजूने दाते असलेला रबरी पट्टा सिंगरच्या मशीनसाठी तयार केला. पुढे तो ‘गिलमर बेल्ट’ या नावाने कारखान्यांतून पसरला. मोटारीत तो आणला शर्यतवाल्यांनी. कॅलिफोर्नियाच्या बिल डेव्हिनने पॅनार्ड या फ्रेंच गाडीचं दोन सिलिंडरचं इंजिन घेतलं, त्यावर नॉर्टन मोटरसायकलची हेडं बसवली आणि कॅमशाफ्ट फिरवायला गिलमर बेल्ट लावला. हा जुगाड १९५६ साली अमेरिकेत आपल्या गटाचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकून गेला.

रस्त्यावरच्या गाडीत बेल्ट घालण्याचं धाडस मात्र बव्हेरियातल्या डिंगॉल्फिंग नावाच्या लहान गावात झालं. तिथलं हान्स ग्लासचं घराणं पेरणीयंत्रं बनवणारं. युद्धानंतर त्यांनी स्कूटर काढली, १९५५ मध्ये गोगोमोबिल ही चिमुकली गाडी काढली, आणि १९६१ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात ग्लास १००४ मांडली. जेमतेम एक लिटरचं इंजिन, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, आणि तो फिरवायला दातेरी रबरी बेल्ट. पुढच्या वर्षी गाडी विक्रीला आली. कंपनीला मात्र हे मोठेपण झेपलं नाही. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ती विकत घेतली, आणि आज त्याच डिंगॉल्फिंगमध्ये बीएमडब्ल्यूचा युरोपातला सर्वांत मोठा कारखाना आहे. ग्लास बुडाली, तिचा बेल्ट जगभर गेला.

त्याला कारण होतं. पद्मिनीसारख्या जुन्या इंजिनात कॅमशाफ्ट खाली, क्रँकच्या शेजारी असे. चेन आखूड पुरे. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये गेला की चेन लांबते, वाजते, तिला तेल लागतं, आणि तेल म्हटलं की तेल न गळणारी पेटी आली. बेल्ट कोरडा चालतो. त्यावर पातळ पत्र्याचं किंवा प्लॅस्टिकचं झाकण पुरतं. आवाज कमी, वजन कमी, खर्च कमी. इंजिनिअर आणि हिशेबनीस यांचं इतकं एकमत मोटारधंद्यात क्वचितच झालं असेल.

१९६६ मध्ये अमेरिकेत पॉन्टिअ‍ॅकने सहा सिलिंडरच्या इंजिनाला काचतंतूंनी मजबूत केलेला बेल्ट लावला. त्याच वर्षी इटलीत फियाट १२४ स्पायडर आली. तिच्या दुहेरी कॅमशाफ्टच्या इंजिनाचा कर्ता ऑरेलिओ लाम्प्रेदी. फेरारीत असताना त्याने रेखलेल्या इंजिनावर आल्बेर्तो आस्कारीने १९५२ आणि १९५३ ची जागतिक अजिंक्यपदं मिळवली होती. असा माणूस रबरी पट्ट्यावर विसंबतो म्हटल्यावर बाकीच्यांची भीड चेपली. १९६९ च्या फियाट १२८ पासून बेल्ट मध्यमवर्गीय घरांत पोचला.

आता तो नकाशावरचा निर्णय. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँक दोनदा फिरतो तेव्हा व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. पिस्टन वर येतो तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला किंवा मिटत आलेला असतो. व्हॉल्व्ह पुरता खाली उतरतो तेव्हा पिस्टन खाली गेलेला असतो. पुष्कळ इंजिनांत दोघांची जागा एकच असते, फक्त पाळ्या वेगळ्या. गिरणगावातल्या खोलीत एकाच पथारीवर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा कामगार आळीपाळीने झोपे, तसंच. भोंगा वेळेवर वाजतो तोवर ठीक. बेल्ट हा तो भोंगा. तो तुटला की कॅमशाफ्ट असेल तिथे थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि वेगात असलेला पिस्टन वर येऊन त्यांच्यावर आदळतो.

पण प्रत्येक इंजिनात असं होत नाही. पिस्टनच्या डोक्यावर पुरेशा खाचा ठेवल्या, वर थोडी जास्त जागा सोडली, तर बेल्ट तुटला तरी दोघांची गाठ पडत नाही. व्होल्वोची जुनी लाल रंगाची चार सिलिंडर इंजिनं बहुतांशी या सुरक्षित जातीची. १९८९ च्या माझदा एमएक्स-५ चं १.६ लिटर इंजिनही तसंच. तिथे मेकॅनिकने खुणा जुळवून नवा बेल्ट चढवला की काम झालं. १९७३ च्या तेलसंकटानंतर हवा पालटली. मायलेज आणि धुराचे नियम दोन्ही कडक झाले. कॉम्प्रेशन वाढलं, दोनाच्या जागी चार व्हॉल्व्ह आले, ते अधिक खोल उघडू लागले. पिस्टनवरची मोकळी जागा म्हणजे वाया जाणारं इंधन, असा हिशेब झाला. डिझेल इंजिनाला तर ही चैन परवडण्यासारखी कधी नव्हतीच. वीसपटीच्या आसपास कॉम्प्रेशन हवं तर पिस्टन वरच्या टोकाला येईल तेव्हा हेडपासून मिलिमीटरभरही अंतर उरत नाही. डिझेल गाडीचा बेल्ट चालत्यात तुटला की हेड उतरणार, हे जवळपास धरूनच चालावं.

उरलेलं निम्मं उत्तर गॅरेजमध्ये शोधायचं असतं, आणि तिथे घाई नडते. गाडी बंद पडली की चालक हटकून पुन्हापुन्हा सेल्फ मारतो. इंजिन नेहमीपेक्षा हलकं, सुसाट फिरतं, कारण कॉम्प्रेशन उरलेलं नसतं. आणि वाचलेला एखादा व्हॉल्व्ह या सेल्फच्या फेऱ्यांत वाकू शकतो. जाणता मेकॅनिक आधी चावी काढून ठेवायला सांगतो. मग झाकण खोलून तुटलेला बेल्ट हातात घेतो. सलग काही दाते सोलून निघाले असतील तर पुढे काहीतरी जाम झालं असणार: वॉटर पंप, कॅमशाफ्ट, नाहीतर आयडलरची बेअरिंग. कडा दोऱ्यांसारख्या उसवल्या असतील तर पुली वाकडी चालत होती. बेल्ट तेलाने माखलेला असेल तर गळकं ऑइल सील सापडल्याशिवाय नवा बेल्ट लावण्यात अर्थ नाही. बेल्टबरोबर टेन्शनर, आयडलर आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप एकदमच बदलण्याचा रिवाज अशाच अनुभवांतून पडला.

त्यानंतर खुणा जुळवून बेल्ट चढवायचा आणि क्रँकच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. मध्येच अडकलं तर जोर करायचा नाही. फिरलं तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. चारही सिलिंडरांत सारखं आणि पुरेसं भरलं तर नशीब. एखाद्यात शून्य आलं तर हेड खाली आलंच.

खाली आलेल्या हेडची परीक्षा अजूनही जुन्याच पद्धतीने होते. हेड टेबलावर उलटं ठेवायचं, व्हॉल्व्हच्या बाजूच्या खोलगट वाट्यांत रॉकेल ओतायचं आणि थांबायचं. व्हॉल्व्ह नीट बसत असेल तर रॉकेल जागचं हलत नाही. केसभर वाकला असेल तर खालच्या पोर्टमधून थेंब डोकावतो. पिस्टनच्या डोक्यावर काजळीत उमटलेली चंद्रकोर दिसली की तिथे टक्कर झाली हे नक्की. व्हॉल्व्ह डोळ्याला सरळ दिसला तरी लेथवर किंवा ड्रिलमध्ये धरून फिरवून पाहतात, डोकं डगमगलं की तो बाद. गाइडला बारीक चीर आहे का आणि कनेक्टिंग रॉड वाकला नाही ना, हे तपासलं नाही तर दुरुस्त झालेलं इंजिन काही महिन्यांनी तेल पिऊ लागतं. पैसे वाचवायला फक्त वाकडे दिसणारे दोन व्हॉल्व्ह बदलण्याचा आग्रह धरणारे मालक सगळीकडे भेटतात. ज्या सिलिंडरमध्ये टक्कर झाली तिथले सगळे व्हॉल्व्ह बदलावेत, हा मेकॅनिकचा सल्ला अशा वेळी महाग वाटला तरी ऐकण्यासारखा असतो. काही नव्या डिझेल इंजिनांत कॅम आणि व्हॉल्व्हमधले रॉकर आधी मोडतात आणि व्हॉल्व्ह वाचतात. तिथे बिल निम्म्याहून खाली येतं.

भारतात हा सगळा प्रकार मारुती ८०० ने घरोघरी नेला. १४ डिसेंबर १९८३ ला पहिल्या गाडीची चावी दिली गेली तेव्हा तिच्या ७९६ सीसीच्या तीन सिलिंडर इंजिनात टायमिंग बेल्ट होता, आणि चेनवर वाढलेल्या मिस्त्र्यांना किलोमीटर मोजून, काहीही बिघडलेलं नसताना पार्ट बदलायला गिऱ्हाइकाला राजी करावं लागू लागलं. ‘चालतंय की अजून’ हे आपल्याकडचं प्रसिद्ध वाक्य बेल्टच्या बाबतीत फार महागात पडतं. १९९८ च्या अखेरीस टाटांची इंडिका आली. तिचं १४०५ सीसीचं डिझेल इंजिनही बेल्टवालं, आणि गाडी टॅक्सीत गेली, म्हणजे किलोमीटर झपाट्याने चढणार. मग २००५ मध्ये इनोव्हा. टोयोटाने तिच्या २.५ लिटर डिझेलसाठी डॅशबोर्डवर दिवाच दिला: ठरलेले किलोमीटर भरले की ‘टी-बेल्ट’ पेटतो. हा दिवा बेल्ट तपासत नाही, फक्त किलोमीटर मोजतो, आणि तो बेल्ट न बदलताही विझवता येतो. जुनी इनोव्हा घेणाऱ्याने दिव्यावर न जाता बेल्ट बदलल्याचं बिल मागावं. पुढच्या इनोव्हा क्रिस्टाच्या डिझेलमध्ये टोयोटा चेनवर परतली.

इंजिन दुरुस्त करायचं की जुनं आणून बसवायचं, हा पर्याय आपल्याकडे कायद्याच्या अंगानेही पाहावा लागतो. मुंबईत कुर्ला, दिल्लीत मायापुरी, चेन्नईत पुदुपेट अशा बाजारांत मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिनं मिळतात. पण इंजिन नंबर ब्लॉकवर कोरलेला आणि आरसीवर लिहिलेला असतो. ब्लॉक बदलला की आरटीओत नोंद आली, आणि आणलेल्या इंजिनाचे कागद स्वच्छ नसतील तर नसतं झेंगट. नुसतं हेड बदलायला मात्र कोणी नंबर विचारत नाही. म्हणून वाकलेल्या व्हॉल्व्हच्या जोडीला हेडच तडकलं असेल, तर ब्लॉक तोच ठेवून बाजारातून चांगलं हेड आणणं हा मधला मार्ग रुळला. विम्याची आशाही कोणी धरू नये. साध्या मोटार पॉलिसीत झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेलेच असतात, आणि बेल्ट तुटणं बहुतेकदा त्यात मोडतं.

श्रीमंतांची सुटका झाली होती असंही नाही. फेरारीने १९७३ पासून रस्त्यावरच्या गाड्यांत बेल्ट आणले. नव्वदच्या दशकातल्या एफ३५५ चा बेल्ट बदलायचा तर अख्खं इंजिन गाडीखाली उतरवावं लागे. २००४ च्या एफ४३० मध्ये कंपनीने चेन घातली, तेव्हा मालकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल.

एव्हाना बेल्टही सुधारले होते. दात्यांचा आकार गोलसर झाला, रबराची जात बदलली, आयुष्य काही गाड्यांत दीड लाख किलोमीटरच्या पुढे गेलं. प्रश्न मिटत आला असं वाटत असतानाच बेल्टला तेलात बुडवायची कल्पना निघाली. तेलात घर्षण कमी, इंधनाची थोडी बचत. फोर्डचं एक लिटरचं इकोबूस्ट इंजिन २०१२ मध्ये अशा ओल्या बेल्टसह आलं आणि पुढच्या वर्षी इकोस्पोर्टमधून भारतात पोचलं. प्यूजो-सिट्रोएनचं १.२ लिटर प्युअरटेकही तसंच. पेट्रोलचा अंश मिसळलेल्या किंवा चुकीच्या प्रतीच्या तेलात या बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतात. फोर्डने पुढे कॅमशाफ्टसाठी चेन आणली. प्यूजो-सिट्रोएनची आजची मालक कंपनी स्टेलांटिस हिने २०२४ मध्ये प्युअरटेकच्या मालकांना दहा वर्षं किंवा १,७५,००० किलोमीटरपर्यंतचं संरक्षण देऊ केलं.

या इंजिनांनी गॅरेजमधला क्रमच उलटा केला आहे. बेल्ट तुटायच्या आधीच तेलाचा दाब पडून बेअरिंगं आणि टर्बो जाऊ शकतात. हेड ठणठणीत आणि खालचं इंजिन गेलेलं, असं घडू शकतं. त्यामुळे ऑइलचा दिवा लुकलुकणारी अशी गाडी आली की मेकॅनिक हेडला हात लावण्याआधी खाली शिरतो, सम्प उतरवतो आणि जाळीत काळा रबराचा चुरा किती साचलाय ते बघतो. जाळी साफ असेल तर बेल्टपुरतं बोलायचं. ती गच्च भरलेली असेल तर बेअरिंगं उघडून क्रँकवर ओरखडे आहेत का ते पाहिल्याशिवाय मालकाला खर्चाचा आकडा सांगायचा नाही.