साखळी-करवतीची कुळकथा

मृगाचा पाऊस तोंडावर आला की आमच्या बेळगावाकडे घरोघरी एक ठरावीक लगबग सुरू होते. कौले शाकारून घ्यायची, पन्हळी साफ करायच्या आणि छपरावर झुकलेल्या फांद्या उतरवायच्या. माझ्या लहानपणी या शेवटच्या कामाला दोन गडी येत. एक करवत घेऊन वर चढे, दुसरा खाली दोर धरून उभा राही. आंब्याची एक जाड फांदी उतरविण्यात सारी सकाळ जाई, मध्ये दोनदा चहा होई आणि तेवढ्या वेळात आजी ओसरीवरून तीनदा तरी विचारी, "अरे, एवढी मोठी तोडायलाच हवी का?" कित्येकदा त्या प्रश्नाने निम्मी फांदी वाचे.

गेल्या वर्षी हेच काम मी शेजारच्या परसात पाहिले. गृहस्थ एकटेच होते. हातातल्या यंत्राला ना विजेची तार, ना पेट्रोलची टाकी. त्यांनी कळ दाबली, घरघर झाली आणि चहाला आधण ठेवावे तोच फांदी जमिनीवर आली. "तोडायलाच हवी का?" हे विचारायला कोणाला सवडच मिळाली नाही.

हे यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारी साखळी-करवत. लांबट सपाट पात्याच्या कडेने दातेरी साखळी वेगाने फिरते आणि लाकूड कापते, इतकीच तिची रचना. आज ती हत्यारांच्या दुकानात सहज मिळते, म्हणून ती कालची वस्तू वाटते. परंतु तिची कुळकथा दोनशे वर्षांहून जुनी आहे, आणि ती ऐकल्यावाचून हे हत्यार हातात कसे धरावे हे नीटसे उमगत नाही, असे मला वाटते.

ही कथा जंगलात सुरू होत नाही. ती सुरू होते स्कॉटलंडमधील शस्त्रवैद्यांच्या हाती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एडिंबरा येथील जॉन एटकिन आणि ग्लासगो येथील जेम्स जेफ्रे या दोघांनी हाड कापण्याकरिता एक बारीक लवचिक करवत योजिली. घड्याळाच्या साखळीसारखी नाजूक साखळी, तिच्या एका कडेला दाते आणि दोन्ही टोकांना मुठी. ती हाडाभोवती घालून आळीपाळीने ओढावयाची. एटकिन यांनी १७८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रसूतिशास्त्राच्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. बाळंतपण अडले असता मातेच्या ओटीपोटापुढील हाडांचा सांधा मोकळा करण्यासाठी, तसेच सडलेले सांधे काढून टाकण्यासाठी अशा करवतीचा उपयोग सांगितला जाई. ईथरची भूल जगासमोर आली ती १८४६ साली. त्यापूर्वीच्या काळात रोग्याच्या वेदनेचा एकेक क्षण मोलाचा असे. आजूबाजूच्या मांसाला कमीत कमी इजा व्हावी आणि हवे तेवढेच हाड कापले जावे, हा या साखळीचा हेतू होता.

पुढे १८३० च्या सुमारास जर्मनीतील वुर्ट्झबुर्गच्या बर्नहार्ड हाइने याने त्या साखळीला पाते दिले आणि फिरविण्यास दांडा दिला. दांडा फिरविला की पात्याभोवती दातेरी साखळी फिरे. त्याचे चित्र पाहिले तर आजच्या करवतीची धाकटी बहीणच समोर आल्याचा भास होतो. लाकडाची करवत या वैद्यकीय हत्यारापासून थेट जन्मली असे म्हणता येणार नाही. परंतु पात्याभोवती दातेरी साखळी फिरवावी ही कल्पना माणसाने प्रथम वापरली ती वाचविण्यासाठी, एवढे खरे.

जंगलात मात्र त्या वेळी कुऱ्हाड आणि दोन माणसांनी ओढावयाची लांब करवत यांचेच राज्य होते. खानापूर-दांडेलीच्या सागवानाच्या रानांपासून अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रचंड वृक्षांपर्यंत सर्वत्र हीच रीत. त्या करवतीचा एक अलिखित नियम होता. समोरच्या माणसाचा हात ओळखल्याशिवाय ती चालत नसे. एकाने ओढावे, दुसऱ्याने सैल सोडावे. घाई झाली की पाते वाकले, ढिलाई झाली की अडकले. हे कष्ट यंत्रावर सोपवावेत असे अनेकांच्या मनात येत होते. १९०५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या सॅम्युएल बेन्स याला तेथील महाकाय रेडवुड वृक्ष पाडण्यासाठी अखंड साखळीच्या करवतीचे पेटंट मिळाले. तथापि उपयोगी यंत्र हाती येण्यास आणखी दोन दशके लागली.

१९२६ साली जर्मनीत आंद्रेयास स्टील याने जी साखळी-करवत बाजारात आणली ती, श्रोतेहो, विजेवर चालणारी होती. वजन ६४ किलो, उचलायला दोन माणसे, आणि मागे विजेची तार. जंगलात वीज कोठून आणावयाची? तेव्हा ओंडके जेथे आणून टाकले जात तेथेच तिचा उपयोग. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प याने थुरिंगियातील डोलमार नावाच्या डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून दाखविली. त्या डोंगराचेच नाव पुढे त्याच्या मालाला मिळाले. १९२९ साली स्टीलनेही पेट्रोलवर चालणारे झाड पाडण्याचे यंत्र काढले. ते ४६ किलोंचे, आणि तेही दोघांनीच चालवावयाचे. तार तुटली आणि करवत जंगलात शिरली.

तरीही एक अडचण उरलीच होती. साखळीचे दाते जुन्या करवतीच्या धर्तीचे होते. काही दाते लाकूड ओरखडीत, काही भुसा बाहेर ओढीत. ते लवकर बोथट होत आणि वरचेवर कानस मागत. १९४६ सालच्या शरदात अमेरिकेच्या ओरेगॉन प्रांतात जोसेफ बुफर्ड कॉक्स हा लाकूडतोड्या जळण फोडीत असता त्याचे लक्ष एका बुंध्यातील भुंग्याच्या अळीकडे गेले. बोटाएवढी ती अळी. परंतु ती लाकडाच्या रेषेला धरूनही आणि रेषेला आडवेही सारख्याच सहजतेने पोखरीत चालली होती. कॉक्स निरखून पाहू लागला. अळी समोर ओरखडत नव्हती. तिचे दोन वाकडे जबडे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे लाकूड तासून काढीत होते. त्याने त्याच आकाराचे दाते पोलादात घडविले, एक डावा, एक उजवा, आणि १९४७ साली पोर्टलंड येथे आपल्या घराच्या तळघरातून अशी साखळी विकू लागला. आज जगातील बहुतेक साखळी-करवतींचे दाते याच वळणाचे आहेत. तुमच्या परसातील यंत्रातही ती ओरेगॉनची अळीच फिरत असते.

दुसऱ्या महायुद्धानंतर हलके धातू आणि हलकी इंजिने यांमुळे करवत एका माणसाच्या हाती आली. स्टीलची १९५० सालची करवत एकट्याने चालविण्याजोगी होती. १९५९ सालची तर अवघी १२ किलोंची, आणि शक्ती १९२९ च्या यंत्राइतकीच, सहा अश्वशक्तींची. दुसरा गडी येथे कामावरून गेला. त्याच्याबरोबर आणखी काय गेले याचा विचार त्या वेळी फारसा कोणी केला नाही.

किंमत मोजावी लागली ती प्रथम चालविणाऱ्यालाच. सतत थरथरणारी मूठ दिवसभर धरून बोटांच्या रक्तवाहिन्या आकसू लागल्या. थंडीत बोटे पांढरीफटक पडून बधिर होत. १९६० च्या दशकात अनेक देशांतील जंगलकामगारांत हा विकार आढळू लागला, आणि मग मूठ व इंजिन यांमध्ये रबराचे वा स्प्रिंगचे धक्काशोषक बसविणे भाग पडले. दुसरा धोका उसळीचा. फिरत्या साखळीच्या नाकाचा वरचा भाग कशाला टेकला की पाते निमिषार्धात उलटून चालविणाऱ्याच्या तोंडावर येते. त्यासाठी १९७० च्या दशकात, पाते उसळताच साखळी थांबविणारा ब्रेक प्रचारात आला. एकेका सोयीमागे कोणाची तरी जखम आहे, हे या इतिहासात जागोजागी दिसते.

आणि याच काळात कथेने एक विलक्षण वळण घेतले. १९५९ साली ॲलेक्स शायगो हा तरुण वनस्पतिरोगतज्ज्ञ अमेरिकेच्या वनखात्यात दाखल झाला. एकट्याने चालविता येणारी करवत तेव्हा नुकतीच हाती आली होती. तोवर अभ्यासक खोडाची आडवी चकती पाहत. शायगो करवतीने झाडे उभी चिरू लागला, जणू शवविच्छेदनच. अशी हजारो झाडे त्याने चिरून पाहिली. त्याला दिसले ते असे की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड जखमी भागाभोवती भिंती उभारते, कूज तेवढ्यातच कोंडून टाकते आणि बाहेरून नवे लाकूड वाढविते. १९७७ साली हा सिद्धान्त सविस्तर प्रसिद्ध झाला. फांदी खोडालगत सपाट कापावी आणि जखमेला डांबर वा रंग फासावा, अशी जुनी शिकवण होती. शायगोने ती चुकीची ठरविली. फांदीच्या बुडाशी खोडावर एक फुगीर वळी असते. संरक्षणाची भिंत तेथूनच उभी राहते. ती वळी कापली की झाडाचा कोट पडला. ज्या यंत्राने अरण्ये आडवी झाली, त्याच यंत्राने झाडाचे शरीरशास्त्र माणसाला शिकविले.

आता बॅटरीकडे वळू. १९७० च्या दशकात, खनिज तेलाच्या टंचाईच्या दिवसांत, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम याने लिथियमच्या नव्या विद्युतघटाचा पाया घातला. १९८० साली जॉन गुडइनफ याने तो अधिक समर्थ केला. १९८५ साली जपानच्या अकिरा योशिनो याने त्याला सुरक्षित आणि व्यवहार्य रूप दिले. १९९१ साली तो बाजारात आला. या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दूरध्वनी आणि कॅमेऱ्यांसाठी वापरला गेलेला हा घट पुढे अवजारांतही बसला. १९२६ साली विजेच्या तारेला बांधलेली करवत शतकभराच्या फेऱ्यानंतर पुन्हा विजेकडे आली. फरक इतकाच की तार गेली, आणि वजन त्या ६४ किलोंच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी झाले.

हिशेब सांगायचा तर ३६ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १८० वॅट-तास ऊर्जा मावते. मोटारीने एक किलोवॉट शक्ती खेचली तर सलग कापणी दहा-अकरा मिनिटांचीच. जंगल तोडायला हे अपुरे. परंतु मनगटाएवढी फांदी काही क्षणांत तुटते, म्हणून परसाला ते भरपूर आहे. धूर नाही, दोरी ओढणे नाही, शेजाऱ्यांची झोपमोडही बेताचीच. पेट्रोलच्या लहान इंजिनांतून बरेच इंधन न जळताच हवेत जाते. म्हणूनच कॅलिफोर्नियाने २०२१ साली कायदा करून अशा नव्या यंत्रांच्या विक्रीवर २०२४ पासून निर्बंध आणले.

परंतु आवाज कमी झाला म्हणून धार कमी झाली नाही. पेट्रोलची करवत गुरगुरत असे आणि ती जागी आहे हे ध्यानात राही. बॅटरीची करवत मुकी असते आणि कळ दाबताच पूर्ण वेगाने सुटते. म्हणून साखळीला हात लावण्यापूर्वी बॅटरी काढून ठेवावी. पात्याच्या नाकाने कापू नये, खांद्याच्या वर उचलू नये, शिडीवर उभे राहून तर मुळीच चालवू नये. डोळ्यांना चष्मा आणि पायांत भक्कम बूट असावेत. फांदी कापताना प्रथम बुडापासून हातभर अंतरावर खालून थोडा छेद घ्यावा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापावे, म्हणजे साल खोडापर्यंत सोलली जात नाही. आणि शेवटी उरलेला खुंट फुगीर वळी राखून तिच्या बाहेरून उतरवावा. हे काम शस्त्रवैद्याचे आहे. आणि जवळ दुसरे माणूस असावे; हाक ऐकायला तरी.

दुसरे माणूस आणखीही एका कारणासाठी हवे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा रस्तोरस्ती कोसळलेली झाडे याच करवतींनी दूर केली गेली. तेथे वेग हाच उपकार होता. मात्र उभ्या झाडाच्या बाबतीत वेग उपकारक नसतो. झाड तोडण्यापूर्वी वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घेण्याचे बंधन कर्नाटकात १९७६ च्या आणि गोव्यात १९८४ च्या कायद्याने घातले आहे. कायद्याने सांगितलेले हे थांबणे आपल्या परंपरेला नवे नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड घेताना आंबा-फणसांना हात लावू नये असे बजावले आहे. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढविलेली असतात. जीर्ण झालेले झाड घ्यावयाचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय. राज्याच्या आरमाराला जी परवानगी मागावी लागे, ती परसातल्या धन्याने निदान स्वतःच्या मनाकडे मागावी.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असे आपण म्हणतो. या नव्या करवतीला तर लाकडी दांडाही नाही. तिचे झाडाशी कसलेच नाते उरलेले नाही. पूर्वी दुखणारे खांदे, सोबतचा गडी आणि ओसरीवरची आजी हे तिघे मिळून माणसाला थांबवीत. खांदे आता दुखत नाहीत, गडी येत नाही. उरला आहे तो आजीचा प्रश्न. यंदा शेजारच्या परसात करवत निघाली तेव्हा मी कुंपणापाशी जाऊन तो विचारला. गृहस्थ क्षणभर थांबले, वर पाहिले आणि बॅटरी काढून ठेवून म्हणाले, "खरेच की. पुढची डहाळी काढली तरी पुरे."