बत्तीसाकडून चौसष्टाकडे

नवे यंत्र आले असे ऐकले की, “जुन्यावर ज्यांचे काम अवलंबून आहे त्यांचे काय?” हा प्रश्न आम्हां कामगार-कार्यकर्त्यांना आधी सुचतो. संगणकाच्या इतिहासाकडेही आम्ही याच नजरेने पाहतो.

प्रोसेसर मेमरीतील प्रत्येक खोलीला क्रमांक देतो. तो ३२ बिटांचा असला, तर खोल्या सुमारे ४२९ कोटींवर, म्हणजे ४ गिगाबाइटवर, जात नाहीत. वेबपाने जड होत गेली, तशी ही चाळ अपुरी पडू लागली.

२००१ साली इंटेलने आणलेल्या इटानियमने जुन्या आज्ञांशी जवळजवळ काडीमोड घेतला होता. २००३ साली एएमडी कंपनीने ६४ बिटांचा ऑप्टेरॉन आणला, तो मात्र जुने प्रोग्रॅमही चालतील अशी सोय ठेवून. लोकांनी हाच मार्ग पत्करला. २००४ मध्ये इंटेललाही तो धरावा लागला.

तथापि विंडोजवरील ब्राउझर मागेच राहिला, कारण त्याचे जोडीदार तयार नव्हते. चित्रफितींसाठी लागणाऱ्या फ्लॅशची ६४ बिटांची रीतसर आवृत्ती ऑक्टोबर २०११ मध्ये आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये मोझिलाने विंडोजसाठी फायरफॉक्सच्या ६४ बिटांच्या चाचणी-आवृत्त्या थांबविण्याचे ठरविले. त्या वापरणारे थोडे. पण त्यांनी आवाज उठविला आणि डिसेंबरात निर्णय फिरला. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये क्रोम आणि डिसेंबर २०१५ मध्ये फायरफॉक्स विंडोजवर ६४ बिटांत रीतसर आले. ऑप्टेरॉननंतर एक तप लोटले होते!

मग पारडे फिरले. मार्च २०१६ मध्ये क्रोमने ३२ बिटांच्या लिनक्सची साथ सोडली. फायरफॉक्सने सप्टेंबर २०२५ मध्ये सूचना देऊन नोव्हेंबरात, १४५व्या आवृत्तीपासून, तेच केले. मात्र दीर्घ मुदतीच्या १४०व्या आवृत्तीला निदान सप्टेंबर २०२६ पर्यंत दुरुस्त्या देण्याचे जाहीर केले.

आमच्या युनियनच्या कचेरीत असेच एक जुने यंत्र आहे. कामगारांचे भविष्यनिर्वाह निधीचे अर्ज आम्ही त्यावरच भरीत आलो. यंत्र धडधाकट आहे. परंतु ब्राउझरच्या दुरुस्त्या थांबल्या की त्यावर कोणाच्या घामाच्या पैशाचे काम करणे धोक्याचे.

आम्ही नव्याचे वैरी नाही. ४ गिगाबाइटची भिंत खरीच होती. पण जुन्याला सोबत घेणारा बदलच लोकांनी आपलासा केला, हे या इतिहासात स्पष्ट दिसते. कामगाराला काढण्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. यंत्र वापरणाऱ्यालाही ती मिळावी, आणि नवे घेण्यापुरती मुदतही.