शर्यतीचा बैल आणि पैऱ्याची रीत

सातारा-सांगलीकडील जत्रांतून छकडे पळताना पाहणाऱ्यास एक प्रश्न हटकून पडतो. ज्याची जमीन दोन-चार एकरांपलीकडे नाही, असा शेतकरी लाखांच्या घरात किंमत असलेला खिलार बैल बाळगतो तरी कसा? दूध, अंडी, बदाम यांचा खुराक, मैदानापर्यंत न्यावयास पिकअप गाडी, वर प्रवेश फी. एवढा खर्च त्या तुकड्यातून निघणे कठीण.

याचे उत्तर जुन्या शेतीत सापडते. घरी एकच बैल असलेले दोन शेतकरी पूर्वी आपापले बैल एकत्र जुंपून आळीपाळीने दोघांचीही शेते नांगरीत. या रीतीस पैरा म्हणत. पुढे ट्रॅक्टर आला, नांगराचा पैरा मागे पडला. शर्यतीत मात्र तो शब्द आणि तो व्यवहार दोन्ही टिकले. छकड्याचे दोन बैल पुष्कळदा दोन गावांचे असतात. चाल जुळणारा जोडीदार हेरून मालक पैरा ठरवितात व बक्षीस वाटून घेतात. म्हणजे प्रत्येकाने पोसावयाचा तो एकच बैल! त्या एकाच्याही मागे भाऊबंद व मित्र असतात. कोणी वैरण पाहतो, कोणी पोहणीस नेतो, कोणाची गाडी असते. जुन्नर, आंबेगाव, खेड या भागात तर घाटात गाड्याला चार बैल जुंपतात, आणि ते चार दावणींचे असू शकतात.

बक्षिसावर मात्र संसार चालत नाही. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या जत्रेसारख्या मैदानात नंबर आला की बैलाचा भाव चढतो. खरी कमाई त्या विक्रीत.

हा भावच ७ मे २०१४ रोजी कोसळला. सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. शेपट्या पिरगाळणे, चाबकाने झोडपणे हे प्रकार होत होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु पळण्याखेरीज दुसरे काम न शिकलेला बैल साडेसात वर्षे दावणीस बांधून पोसणे लहान मालकास कसे परवडावे? १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींस पुन्हा परवानगी मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा उचलून धरला. धाव आता १००० मीटरांपुढे नेता येत नाही. चाबूकही वर्ज्य आहे.

बंदीनंतर बक्षिसे फुगली. कोठे ट्रॅक्टर, कोठे चारचाकी. त्यांच्या ओढीने जमिनी विकून पैसा हाती आलेले नवे मालक मैदानात उतरले. त्यांतील काहींच्या दावणीस दोन्ही बैल स्वतःचेच असतात, त्यांना पैऱ्याची गरज उरत नाही. एकच बैल घेऊन आलेला शेतकरी मात्र आदल्या रात्रीपर्यंत जोडीदार शोधीत फोन फिरवीत असतो.