ऑपरेशननंतरची झीज आणि ग्रोथ हॉर्मोनचा फसलेला उपाय

मोठं ऑपरेशन झालेला माणूस आठवड्याभरात खंगलेला दिसतो. 'सलाईनवर होता, पोटात अन्न कुठे होतं?' असं घरचे म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. १९३०च्या दशकात ग्लासगोत डेव्हिड कथबर्टसन यांनी हाड मोडलेल्या रुग्णांच्या लघवीतला नायट्रोजन मोजला. नायट्रोजन जास्त म्हणजे शरीरातली प्रथिनं जास्त फुटतायत. नुसत्या उपासाने होईल त्याहून ही झीज मोठी होती.

याचं कारण हॉर्मोन्स. शरीराला चिरा पडला की कॉर्टिसॉल, ग्लुकागॉन वाढतात आणि इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. स्नायूंमधली प्रथिनं फुटून अमिनो आम्लं रक्तात येतात आणि यकृत ती उचलतं. काहींची साखर होते, त्यातला नायट्रोजन युरिया बनून लघवीतून जातो. काहींपासून सीआरपी, फायब्रिनोजेन अशी जंतुसंसर्गाशी लढणारी आणि रक्त गोठवणारी प्रथिनं तयार होतात. अल्ब्युमिन मात्र मागे पडतं, शिवाय रक्तवाहिन्यांतून बाहेर झिरपतं. म्हणून ऑपरेशननंतर रिपोर्टमध्ये अल्ब्युमिन कमी दिसलं, की लगेच 'खाणं कमी पडलं' असा अर्थ काढू नये.

प्रथिनांच्या बाबतीत ग्रोथ हॉर्मोन याच्या उलट वागतं. त्याने यकृतातला युरिया कमी होतो, प्रथिनं शरीरात टिकतात. १९८५पासून हे हॉर्मोन प्रयोगशाळेत बनवलेल्या औषधाच्या रूपात मिळू लागलं आणि पोटाच्या ऑपरेशननंतर ते दिल्यावर नायट्रोजनचा हिशेब खरोखर सुधारला. कागदावर सगळं छान!

मग १९९९मध्ये दोन मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. हृदयाचं किंवा पोटाचं ऑपरेशन, अपघात किंवा श्वसन निकामी होणं यामुळे आयसीयूत असलेल्या ५३२ रुग्णांपैकी काहींना हे हॉर्मोन मोठ्या डोसमध्ये दिलं होतं, बाकीच्यांना औषध नसलेलं इंजेक्शन. फिनलंडच्या चाचणीत हॉर्मोन घेतलेले ३९ टक्के रुग्ण रुग्णालयातच दगावले, न घेतलेले २० टक्के. दुसऱ्या, अनेक देशांत झालेल्या चाचणीत हेच प्रमाण ४४ आणि १८ टक्के होतं.

एक तर्क असा, की स्नायू टिकले, पण संकटात यकृताला आणि रोगप्रतिकारक पेशींना लागणारी अमिनो आम्लंही तिथेच अडकून पडली.

ज्या मुलांच्या शरीरात हे हॉर्मोन कमी बनतं, त्यांना ते आजही देतात. पण ऑपरेशननंतर गुंतागुंत होऊन अत्यवस्थ झालेल्या रुग्णाला देऊ नये, असा इशारा आता या औषधाच्या माहितीपत्रकातच असतो.